खेळणारा आणि खेळवणारा

मागच्या महिन्यात अस्मादिकांचं प्रमोशन झालं. सीनियर इंजिनियरचा टीम लीड झालो. आईने अख्ख्या गल्लीत संत्रा बर्फी वाटली. बाबांनी चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि विचारलं, "म्हंजे आता तू काम करनार नाही, लोकांकडून करून घेशील. जमन का तुले?"

मी हसलो. न जमायला काय झालं? सात वर्षं कोड लिहितोय. जे मला येतं तेच दुसऱ्याकडून करून घ्यायचं, त्यात काय मोठं!

तीन आठवड्यांत उत्तर मिळालं. आमच्या टीममध्ये एक मुलगी आहे, उमरेडची. कॉलेज संपून वर्षच झालंय. एका रात्री साडेअकराला आमचा बॅच जॉब पडला. ती लॉग बघत होती, बरोबर दिशेनेच चालली होती, पण हळू. मी दहा मिनिटं दम धरला. मग म्हणालो, "थांब, कंट्रोल दे, मी बघतो." वीस मिनिटांत जॉब उभा. क्लायंटचा आभाराचा मेल, त्यात माझं नाव. छान झोप लागली. पुढच्या आठवड्यात तेच. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी माझ्या तोंडून निघून गेलं, "अजून येत नाही का तुला हे?"

ती तेव्हा काही बोलली नाही. शुक्रवारी एक मीटिंग मागितली आणि शांतपणे म्हणाली, "सर, तिन्ही वेळा मी फक्त तुमचा माऊस फिरताना बघितलाय." आणि मग, टीम बदलून मिळावी म्हणून अर्ज केल्याचं सांगितलं.

मॅनेजरने मला बोलावलं. तो काही रागावला नाही, आणि त्याचंच जास्त लागलं. म्हणाला, "तू अजून खेळतोयस रे. तुला खेळवायला ठेवलंय. नसेल जमत तर सांग, परत डेव्हलपर हो, त्यात कमीपणा नाही. तिमाही संपेपर्यंत ठरव."

त्याला ठाऊक नव्हतं, पण 'खेळणं' आणि 'खेळवणं' हे दोन शब्द त्याने नेमक्या चुकीच्या माणसाला ऐकवले होते.

त्याचं असं आहे. वानाडोंगरीच्या कॉलेजात असताना मी फुटबॉल खेळायचो. स्ट्रायकर. उगाच फुशारकी नको, पण बरा होतो. म्हणजे नागपूरच्या मानाने बरा नव्हे हां! नागपूरचं फुटबॉल म्हणजे चेष्टा नाही. कामठीचा रब्बानी क्लब, राहुल क्लब, यंग मुस्लिम ही नावं इथल्या फुटबॉलवाल्याला सांगावी लागत नाहीत. मोतीबागच्या रेल्वे ग्राउंडवर भर उन्हात मॅच बघायला उभी राहणारी माणसं मी लहानपणापासून बघितलीत. मी आपला कॉलेजच्या टीमपुरता बरा. नोकरी लागल्यावरही रविवार सोडला नाही. दोन वर्षांपूर्वी एका टर्फवर वळताना गुडघ्यात 'टक्' असा आवाज आला आणि लिगामेंट गेलं. ऑपरेशन झालं, चालता येतं, जिनेही चढता येतात. पण डॉक्टर म्हणाले, "फुटबॉल विसरा."

तेव्हापासून रविवारी सकाळी मी हिंगण्यातल्या मैदानाच्या कडेला बसून असतो. मैदान म्हणजे काय, एमआयडीसीच्या बाजूची एक मोकळी जागा. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात दगड. खेळायला येतात ती कामगारांची पोरं. काही इथलीच, काही छत्तीसगढ, यूपी, बिहारकडून आलेल्या घरांतली. गोलपोस्ट म्हणजे चार विटा. त्यातला एखादा अधूनमधून विचारायचा, "दादा, शिकवा ना." मी म्हणायचो, "पाय गेला रे बाबा माझा." आणि चहा पीत बसायचो. खरं सांगायचं तर पायाचं निमित्त होतं. जे मला करता येत नाही ते दुसऱ्यांना करताना बघायचं आणि वर त्यांना मदतही करायची, एवढं मोठं मन नव्हतं माझं.

तर त्या शुक्रवारी रात्री झोप येईना म्हणून 'झुंड' पुन्हा लावला. नागराज मंजुळेंचा २०२२चा सिनेमा, अमिताभ असलेला. तुम्ही बघितला असेलच. आम्हा नागपूरकरांना तो जरा जास्त जवळचा, कारण त्यातल्या गल्ल्या आमच्या आणि पोरंही आमचीच. पण या वेळी सिनेमापेक्षा त्यामागची खरी माणसंच डोक्यात घोळत राहिली.

अमिताभने जी भूमिका केली आहे ती विजय बारसे सरांवर बेतलेली. बारसे सर हिस्लॉप कॉलेजात क्रीडाशिक्षक होते. २००० सालाच्या आसपासची गोष्ट. पावसात आडोशाला उभे असताना त्यांना झोपडपट्टीतली काही पोरं एका फुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना दिसली. सरांनी त्यांना फुटबॉल आणून दिला. पुढे झोपडपट्टी फुटबॉलची स्पर्धा भरवली तर १२८ टीम आल्या! त्यातूनच पुढे 'स्लम सॉकर' ही संस्था उभी राहिली. मुलगा अभिजीत अमेरिका सोडून परत आला आणि या कामात पडला. शहराच्या उत्तरेला, आमच्या हिंगण्याच्या पार दुसऱ्या टोकाला, बोखाऱ्यात त्यांचं मैदान उभं राहिलं. २०१६ मध्ये फिफाने 'डायव्हर्सिटी अवॉर्ड' दिलं ते या आमच्या नागपूरच्या संस्थेला.

आणि सिनेमातला 'डॉन' आठवतो? त्या पात्रामागे ज्याची गोष्ट आहे तो अखिलेश पॉल. नागपूरच्याच वस्तीतला. शाळा सुटलेली, लहान वयात गुन्हेगारीत पाय गेलेला, अंगावर पोलीस केसेस. हे मी माझ्या पदरचं सांगत नाहीये, २०१४ मध्ये आमीर खानच्या 'सत्यमेव जयते'मध्ये त्याने स्वतः अख्ख्या देशासमोर सांगितलंय. फुटबॉलने त्याला त्यातून बाहेर ओढलं. २०१० मध्ये तो भारताचा कॅप्टन होऊन रिओ दि जानेरोला गेला. होमलेस वर्ल्ड कप होता, कोपाकबानाच्या समुद्रकिनाऱ्यावर. नागपूरच्या वस्तीतलं पोरगं ब्राझीलमध्ये, पेलेच्या देशात, भारताची कॅप्टनशिप करतंय! आणि परत आल्यावर तो कोच झाला, स्वतःसारख्याच पोरांचा.

सगळे ही गोष्ट इथे थांबवतात. टाळ्या वगैरे. पण मला झोप येत नव्हती म्हणून मी त्या होमलेस वर्ल्ड कपचे नियम वाचत बसलो. (इंजिनियर माणूस, दुःखातसुद्धा डॉक्युमेंटेशन वाचणार!)

ही स्पर्धा २००३ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात सुरू झाली. एका बाजूला चार खेळाडू, म्हणजे तीन आणि एक गोलकीपर. मैदान जेमतेम २२ मीटर बाय १६ मीटर, चारी बाजूंनी फळ्या, म्हणजे बॉल बाहेर जाऊन वेळ वाया जायला नको. सात-सात मिनिटांचे दोन हाफ. चौदा मिनिटांत मॅच खल्लास.

आणि एक नियम असा की एका माणसाला ही स्पर्धा आयुष्यात एकदाच खेळता येते. एकदाच! तुम्ही कितीही भारी खेळलात तरी पुढच्या वर्षी दुसरा कुणीतरी जाणार. कारण स्पर्धेचा हेतू चॅम्पियन तयार करणं हा नाहीच, जास्तीत जास्त लोकांना रस्त्यावरून मैदानात आणणं हा आहे.

मी उठून बसलो. गणित केलं. आठवडाभराची स्पर्धा. दहा मॅचेस धरल्या तरी १४० मिनिटं. अडीच तासही नाहीत. 'झुंड' सिनेमाच त्याहून मोठा आहे राव, जवळपास तीन तासांचा! म्हणजे ज्याच्यावरून एवढा मोठा सिनेमा झाला त्याचं वर्ल्ड कपमधलं खेळणं त्या सिनेमापेक्षा छोटं. खेळणं एवढंच मिळतं हे नियमातच लिहिलेलं. त्यानंतरचं जे आहे, पोरं गोळा करायची, त्यांना शिकवायचं, त्यातला एखादा न सांगता गायब झाला की त्याच्या घरी जायचं, ते सगळं कोचचं काम. आणि आयुष्य तर तेच आहे.

आपण कोचिंगकडे कसं बघतो? खेळणं संपलं की उरतं ते. पेन्शनसारखं. आतापर्यंत मीही लीड होण्याकडे तसंच बघत होतो. कोड लिहिणं हे खरं काम आणि माणसं सांभाळणं म्हणजे वय झाल्याची शिक्षा. त्या एका नियमाने हे सगळं उलटंपालटं केलं.

आता ब्राझीलपर्यंत गेलोच आहोत तर शेजारच्या अर्जेंटिनातही जाऊन येऊ. रोसारिओ नावाचं शहर आहे. मेस्सीचं गाव म्हणून ठाऊक असेल. तिथे १९५५ मध्ये मार्सेलो बिएल्सा जन्मला. घराणं वकिलांचं, भाऊ पुढे देशाचा परराष्ट्रमंत्री झालेला, बहीण आर्किटेक्ट आणि राजकारणात. हा मात्र फुटबॉलमध्ये. न्यूवेल्स ओल्ड बॉईज या गावच्याच क्लबकडून बचावपटू म्हणून खेळला. मोजक्या मॅचेस. फार वेगवान नव्हता, आणि त्याचं त्यालाच ते कळलं. वयाच्या पंचविशीत खेळणं थांबवलं. पंचविशीत! आपण त्या वयात दुसरी कंपनी बदलत असतो.

त्यानंतर तो शिकवायला लागला. आधी विद्यापीठाच्या टीमला, मग न्यूवेल्सच्या पोरांना. चांगले खेळाडू फक्त मोठ्या शहरांत सापडतात हे त्याला पटेना. म्हणून त्याने देशाच्या नकाशाचे तुकडे पाडले आणि आपल्या छोट्या फियाट गाडीतून हजारो किलोमीटर फिरला, गावोगाव, पोरं बघत. एकदा रात्री एक-दोनच्या सुमाराला तो आणि क्लबचा होर्हे ग्रिफा हे दोघं मर्फी नावाच्या खेड्यात एका शेतकऱ्याच्या घरी पोचले. मुलगा झोपलेला होता. त्यांनी त्याच्या आईवडिलांना विनंती करून झोपलेल्या पोराचे पाय तेवढे बघितले आणि म्हणाले, हा फुटबॉलर होणार. तो पोरगा म्हणजे मॉरिसिओ पोचेत्तिनो. पुढे अर्जेंटिनाकडून वर्ल्ड कप खेळला आणि टॉटनहॅमला चॅम्पियन्स लीगच्या फायनलपर्यंत नेणारा कोचही तोच.

बिएल्साने न्यूवेल्सला अर्जेंटिनाची लीग जिंकून दिली. १९९२ मध्ये टीम कोपा लिबेर्तादोरेसच्या फायनलला गेली आणि पेनल्टीवर हरली. १९९८ ते २००४ अर्जेंटिनाचा कोच होता. त्यात २००२चा वर्ल्ड कप आला. अर्जेंटिना हॉट फेव्हरिट, आणि पहिल्याच फेरीत घरी. भारतात अशा कोचचा पुतळा जाळला असता. पण तो टिकला आणि २००४ मध्ये अथेन्सला ऑलिंपिक गोल्ड मिळवून मगच गेला. मग चिली, बिल्बाओ, मार्सेय असं करत २०१८ मध्ये इंग्लंडात लीड्सला पोचला. सोळा वर्षं प्रीमियर लीगबाहेर असलेल्या त्या क्लबला २०२० मध्ये परत आत नेलं. २०२३ मध्ये उरुग्वेचा कोच झाला. या माणसाच्या कपाटात ट्रॉफ्या तशा कमीच आहेत. पण ग्वार्डिओलाने कोचिंगला सुरुवात करायच्या आधी मुद्दाम अर्जेंटिनाला जाऊन त्याच्याशी तासन्‌तास गप्पा मारल्या, यावरून काय ते समजा. मोजक्या मॅचेस खेळलेल्या या माणसाचं नाव न्यूवेल्सने २००९ मध्ये आपल्या स्टेडियमला दिलं. मॅराडोना आणि मेस्सी दोघंही त्या क्लबची जर्सी घालून गेलेले असताना!

लीड्समधली एक गोष्ट मला फार आवडते. त्याने चौकशी केली की आपली मॅच बघायला साध्या प्रेक्षकाला तिकिटासाठी किती तास राबावं लागतं. उत्तर आलं, साधारण तीन तास. मग त्याने आपल्या प्रोफेशनल खेळाडूंना तीन तास ट्रेनिंग ग्राउंडच्या आसपासचा कचरा उचलायला लावला. दुसरी गोष्ट एप्रिल २०१९ची. ॲस्टन व्हिलाचा खेळाडू दुखापतीने खाली पडला असताना लीड्सने गोल मारला. मैदानात भांडणं. बिएल्साने कडेवरून ओरडून सांगितलं की त्यांना एक गोल करू द्या. मॅच १-१ सुटली. स्वतः चेंडूला पायही न लावता त्या मॅचमध्ये सगळ्यांच्या लक्षात काय राहिलं? कडेला उभा असलेला माणूस.

आता याच्या उलटं उदाहरण, आणि तेही अर्जेंटिनाचंच. दिएगो मॅराडोना. खेळाडू म्हणून देव, वाद नको. २००८ ते २०१० तो अर्जेंटिनाचा कोच होता. टीममध्ये मेस्सी. २०१०च्या वर्ल्ड कपमध्ये क्वार्टर फायनलला जर्मनीने चार-शून्य धुतलं. ज्याला सगळं आपोआप येतं त्याला ते कसं येतं हे सांगता येत नाही, असं मला वाटतं. पायाला ठाऊक असतं, तोंडाला नसतं. अर्थात हा काही न्यूटनचा नियम नाही. ब्राझीलच्या झागालोने १९५८ आणि १९६२चा वर्ल्ड कप खेळाडू म्हणून जिंकला आणि १९७०चा कोच म्हणून. आपल्या भारतातलं बघायचं तर पोर्तो आलेग्रेहून आलेला बारेटो. मोहन बागानवाल्यांचा लाडका, मध्ये मुंबईच्या महिंद्र युनायटेडकडूनही खेळला आणि २००५-०६ची नॅशनल लीग जिंकला. पुढे तोही नवी मुंबईत पोरांना शिकवायला लागला. म्हणजे मोठा खेळाडू चांगला कोच होऊच शकत नाही असं नाही. पण त्याला आधी आपल्या हातातला, आय मीन पायातला, चेंडू सोडावा लागतो.

मी मॅराडोना नाही, हे माझ्या टीमला विचारायची गरज नाही. पण आजार मात्र मॅराडोनाचा झालेला. :)

शनिवारी दुपारी जेवताना बाबांना सगळं सांगितलं. अखिलेश, बिएल्सा वगैरे त्यांना काही देणंघेणं नाही. ते एमआयडीसीत एका कारखान्यात लेथवर होते, एकतीस वर्षं. शेवटची दहा वर्षं त्यांच्याकडे आयटीआयची अप्रेंटिस पोरं दिली होती. मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला कसं जमलं?"

"नाही जमलं पयले," ते म्हणाले. "पोराचं टूल चुकीचं लागून राहिलं ना, का माझा हात जाये. मी म्हनो, सर बाजूले. जॉब झकास व्हये, पन पोरगा तसाच. मंग एक जुना फोरमन होता, त्यानं सांगतलं, हात मांगं बांध अन् उभा राह्य. जिथं बोट कटाची भीती असन तिथंच हात पुढं. बाकी टायमाले मांगं."

"आणि जॉब खराब झाला तर?"

"होऊ दे ना. जॉब खराब झाला तं एक पीस जाते. पोरगा खराब झाला तं मानूस जाते." आणि आईला म्हणाले, "वरन वाढ."

मला एकदम आठवलं. लहानपणी बाबांना डबा द्यायला मी कारखान्याच्या गेटपर्यंत जायचो. कधी आत जाऊ दिलं तर ते मला नेहमी असेच दिसायचे. कुणाच्या तरी मागे, हात पाठीशी बांधून उभे. मला वाटायचं, बाबा आता मोठे साहेब झाले, काम करत नाहीत.

रविवारी मैदानावर गेलो. या वेळी शिट्टी घेऊन. पोरं खूश. चार-चारच्या टीम पाडल्या, पावलं मोजून २२ बाय १६चं मैदान आखलं, सात-सात मिनिटांचे हाफ. आणि पहिल्या मिनिटापासून मी सुरू झालो. "डावीकडे! पास दे! अरे वर बघ! आत्ता मार! अरे काय करतोयस!" चौदा मिनिटं मी एकटाच खेळत होतो, फक्त तोंडाने. मॅच संपल्यावर दहा-अकरा वर्षांचा एक पोरगा, टीममधला सगळ्यात बारका, धापा टाकत माझ्याकडे आला.

"दादा, तुमी सारं बोलून राह्यले, तं आमी पाहू काय?"

दोन दिवसांत दुसऱ्यांदा तेच. आधी माऊस, आता शिट्टी.

दुसऱ्या मॅचला मी हात मागे बांधले. शब्दशः. तोंडही बंद. आणि काय सांगू, केवढा त्रास होतो हो! समोर पोरगा उघड्या साथीदाराला पास न देता तिघांच्या अंगावर चाललाय, तुम्हाला दिसतंय, आणि तुम्ही गप्प. दोनदा त्याचा बॉल हिसकावला गेला. हाफटाइमला मी फक्त विचारलं, "तुला कोण कोण दिसत होतं?" तो विचारात पडला. म्हणाला, "कोनीच नाही. बॉलच दिसे." बास. मी पुढे काही सांगितलं नाही. दुसऱ्या हाफमध्ये त्याने एकदा, एकदाच, बॉल पायाशी आल्यावर मान वर केली. पास दिला तो भलतीकडेच गेला. पण मान वर केली होती! मी कॉलेजात मारलेले गोल मला आता नीट आठवत नाहीत. ती वर झालेली मान अजून डोळ्यासमोर आहे.

आणि तेव्हा जाणवलं की कडेला बसून मी दोन वर्षं मैदानाकडे बघत होतो, पण मला दिसत होता तो फक्त माझा गुडघा.

सोमवारी ऑफिसात गेलो आणि आधी त्या मुलीची माफी मागितली. माफी मागून सगळं ठीक झालं, तिने अर्ज मागे घेतला, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. ती म्हणाली, "सर, राग नाही. पण मला जायचंय." गेली. आता दुसऱ्या टीममध्ये आहे, त्याच मजल्यावर. कॅन्टीनमध्ये दिसते. परवा तिच्या नव्या लीडकडून ऐकलं, रात्री एक जॉब पडला होता, तिने एकटीने सोडवला. मला आनंद झाला आणि वाईटही वाटलं, दोन्ही एकदम. हा पीस माझ्या हातून गेला. नशीब की माणूस गेला नाही. यात माझं काही कर्तृत्व नाही, तिचंच आहे.

मॅनेजरला सांगितलं की लीडच राहतो. "जमेल?" त्याने विचारलं. बाबांचाच प्रश्न. मी म्हटलं, "ठाऊक नाही. पण आता निदान काय जमत नाही ते कळलंय."

त्या आठवड्यात बॅच जॉब पुन्हा पडला. (तो पडतोच. तो आमचा बॅच जॉब आहे.) आता जो पोरगा त्यावर आहे त्याला मी कॉलवर म्हटलं, "स्क्रीन तुझीच ठेव. काय दिसतंय ते सांगत जा." वीस मिनिटांचं काम, पावणेदोन तास लागले. मी म्यूटवर होतो आणि लॅपटॉपपासून लांब, खरोखर हात मागे बांधून, खोलीत येरझाऱ्या घालत. आईने दार उघडून बघितलं आणि तिला वाटलं, पोराचं काहीतरी बिनसलंय. एका ठिकाणी तो प्रॉडक्शनच्या डेटावर चुकीची क्वेरी चालवायला निघाला होता. तिथे म्यूट काढला. बोट कापायची भीती होती ना. बाकी गप्प. रात्री सव्वा वाजता जॉब उभा राहिला. क्लायंटचा आभाराचा मेल आला, त्याच्या नावाने. खोटं कशाला बोलू, अर्धा मिनिट पोटात दुखलं. मग झोपलो.

आज रविवार. मैदानावरून येताना तर्री-पोहे खाल्ले आणि हे लिहायला बसलो. बारक्याने आज तीनदा मान वर केली आणि त्यातला एक पास बरोबर पोचला. गोल झाला नाही. पण ज्याच्याकडे पास गेला तो पोरगा इतका दचकला की बॉल त्याच्या पायाखालून गेला. आता पुढच्या रविवारी त्या दुसऱ्याचं बघायला पाहिजे.